डावी कडी, उजवा हातोडा

यज्द, ९ मेहर

लेकरा,

डबा उघडण्याआधी हात धू. वरच्या थरातले कोत्ताब आज तळलेले आहेत, खालचे परवाचे. बदाम यंदा कडवट निघाले म्हणून सारणात साखर जास्त आहे. बसवाल्या आगांना बजावून सांगितलंय की डबा आडवा करायचा नाही. केला असेल तर तो त्यांचा दोष, माझा नाही.

पत्र का, फोन का नाही, असं विचारशील. फोनवर मी जुन्या नावाने हाक मारली की तू फोन ठेवून देतंस. पत्र ठेवून दिलं तरी ते तिथेच असतं. शिवाय पत्रात मध्ये बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तर गुरुवारचं. मी तुला ओळखलं नाही. एवढंच झालं. तू तुझ्या धाकट्या बहिणीला, मरजानला, काय काय लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. म्हणे, ‘आईने मला बघून चादोर पुढे ओढली, परक्या पुरुषापुढे ओढतात तशी.’ मग काय करायचं होतं मी? उजवा हातोडा वाजला! आपल्या दाराला दोन वाजवण्या आहेत त्या काय शोभेच्या? डावीकडची कडी बायकांची, उजवीकडचा हातोडा पुरुषांचा. कडी किणकिणली की घरातलं कुणीही उठून दार उघडतं. हातोडा दणाणला की बाई आधी डोकं झाकते, मग अडसर काढते. तू पायांवर उभं राहिल्यापासून कडी वाजवत आलंस, तीही अशी की शेजारच्यांनी दार उघडावं. त्या दिवशी हातोडा वाजवलास. बेल असती तर हा घोटाळा झाला नसता, पण बेल तू गेल्यापासून बंद आहे. दुरुस्त करीन म्हणालं होतंस.

माझे हात पिठाचे. तशीच चादोर घेतली, दार उघडलं, तर समोर एक तरुण मुलगा. निळा शर्ट, बारीक मिशी, एका पायावर भार टाकून उभा. मी विचारलं, ‘कोण हवंय?’ आणि तो काही बोलेना, म्हणून अशा वेळी आपल्याकडे बायका म्हणतात तेच म्हणाले, ‘घरात पुरुषमाणूस कुणी नाही.’ तू वळलंस आणि चालू लागलंस. सांग, यात मी ओळखायचं कशावरून? पाठमोरी तर सगळीच माणसं सारखी. भुवईवरचा तो व्रण अजून तसाच दिसतो, त्याला बदामाचं तेल लाव. आणि बारीक झालंस. तिकडे जेवतंस की नुसता चहा पितंस?

पुढचं तुला ठाऊक आहे. मरजान आतून ओरडत आली, डोक्यावर रुमालसुद्धा नाही, आणि भर गल्लीत तुझ्या गळ्यात पडली. समोरच्या गच्चीवर अक्दस खानम टोमॅटो वाळत घालत होती. तिने एकही टोमॅटो सुलटा ठेवला नाही, इतकी नजर तिची गल्लीत होती.

मरजान म्हणते, आबान महिन्याच्या शेवटी तुला तेहरानला डॉक्टरांच्या मंडळापुढे बसायचंय. त्यांनी होकार दिला तरच कोर्ट तुझे कागद बदलणार. आणि तिथे घरचं कुणीतरी हवंय, लहानपणापासूनचं सांगणारं. आई असली तर उत्तम. हे सांगायला तू बसने रात्रभर प्रवास करून आलंस म्हणे. मी तिथे येऊन काय सांगू? वेड्यांच्या डॉक्टरांपुढे बसून, की मी मुलगी वाढवली ती मुलगा आहे? तुझे बाबा असते तर त्यांना पाठवलं असतं. ते सुटले.

विचार करते, असं मी म्हटलेलं नाही. मरजान तसं लिहील. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझी आई,
तूबा


यज्द, २१ मेहर

लेकरा,

मरजान म्हणते डब्यावर ‘बर्दिया’ लिही. जुनं नाव लिहिलं तर बसवाले आगा डबा देत नाहीत, घ्यायला येतो तो मुलगा असतो. म्हणून लिहिलंय. डब्यावर. पत्रात नाही. बर्दिया म्हणे! राजपुत्राचं नाव घेतलंस आणि दुकानात बसून लोकांचे फुटके मोबाइल जोडतंस.

एक बातमी आहे. मरजानला मागणी आली. मुलगा फरझाद, पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, कान लाल, बोलणं कमी. आई अशरफ-सादात. बाईचं नाक असं की दिवाणखान्यात आधी ते आलं, मग ती आली. मरजानने चहा आणला, हात थरथरला नाही. मी मनात म्हटलं, चला, एक तरी माझ्यावर गेली.

अशरफ-सादातने पहिल्या घोटालाच विचारलं, ‘आणि थोरली कुठे असते?’

मी म्हटलं, ‘जर्मनीला.’

‘अरे वा! काय करते?’

‘शिकते.’

‘अजून?’

‘जर्मनीत शिक्षण लांबतं,’ असं मी म्हटलं. फरझादने मान हलवली, त्यालाही तसंच ऐकून माहीत होतं. देव त्याचं भलं करो.

आता तू चिडशील. चीड. पण आधी ऐक. तुला नसरतमामा आठवत नाही, तू पाळण्यात होतंस तेव्हाच तो गेला. माझा धाकटा भाऊ. दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून बसायचा, मग एखाद्या दिवशी इतका बोलायचा की ऐकणाऱ्याला घेरी यावी. कुणी म्हणे झपाटलाय, कुणी म्हणे रक्तच तसलं. मला बघायला तुझ्या आजीआजोबांकडची माणसं आली त्या दुपारी माझ्या आईने त्याला तळघरात बसवलं, खाली रेडिओ दिला, कलिंगड दिलं, बाहेरून कडी घातली. चहा चालू असताना खालून एक थाप ऐकू आली. एकच. तुझ्या आजीने विचारलं, हे काय? माझी आई म्हणाली, कोंबड्या. आणि माझं लग्न ठरलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्या मुठीवर मी संसार केला, तुम्हा दोघांना वाढवलं. लोक वाईट नसतात, लेकरा, लोकांना फक्त विचारायची सवय असते. लंगडा मुलगा चालतो, आंधळी सून चालते. डोक्याचं काही आहे असं कळलं की सात पिढ्यांची चौकशी होते. म्हणून तर माझ्या गुडघ्यांच्या डॉक्टरकडे मी इस्फहानला जाते. यज्दमध्ये गुडघ्यांचे डॉक्टर नाहीत का, असं मरजान विचारते. आगाऊ पोर.

आता त्यांची माणसं मोहल्ल्यात विचारपूस करायला येतील. येऊ देत. रोटीवाला आपलाच आहे, मशिदीतले सगळे तुझ्या बाबांना ओळखतात. जर्मनीपर्यंत कुणी जात नाही. तोवर तू इकडे येऊ नकोस. मी ये म्हटलेलं नाही आणि येऊ नको म्हणतेय, तेव्हा हे तरी ऐक.

थंडी पडेल आता. जाड मोजे डब्याच्या तळाशी आहेत, कागदात गुंडाळून. तुपाचा वास आला तर धू.

आई


यज्द, ४ आबान

लेकरा,

डबा रिकामा परत पाठवलास. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर मीठ तरी घालतात. तेहरानने तुला काय काय विसरायला लावलंय!

पण आज माझा राग तुझ्यावर नाही. किती दिवसांनी.

अशरफ-सादात आणि तिची बहीण परवा मोहल्ल्यात येऊन गेल्या. रोटीवाला म्हणाला, देवमाणसं आहेत. किराणावाल्याने तुझ्या बाबांचं नाव काढून डोळे पुसले. मग त्या चढल्या अक्दस खानमच्या गच्चीवर. अक्दसने त्यांना सरबत दिलं आणि म्हणाली, ‘मी काही बोलत नाही हो, माझ्याही मुली आहेत. पण एक तरुण पुरुष त्या दारात येतो. आणि लहानी उघड्या डोक्याने त्याच्या गळ्यात पडते. दिवसाढवळ्या. मी काही बोलत नाही.’

संध्याकाळी निरोप आला की गुरुवारचं लग्नाचं बोलणं तूर्त राहू द्या.

म्हणजे बघ काय झालं. मी तुला झाकायला जर्मनी काढली. तुला झाकलं, तर मरजानच्या गळ्यात एक परका पुरुष आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता मोहल्ल्यात पोरीच्या नावाने कुजबुज आहे. आज रोटीच्या रांगेत दोघी जणी माझ्याकडे बघून बोलायच्या थांबल्या. मी म्हटलं, बोला, बोला, माझ्यासाठी कशाला थांबता, मलाही कळू दे. तर त्या हवापाण्यावर आल्या.

तुझे हैदरकाका आले. बसले नाहीत, अंगणात उभ्यानेच ओरडत राहिले. ‘मी तेव्हाच सांगत होतो, त्या पोरीला डांबून ठेवा! भावाच्या माघारी त्याच्या नावाला काळं फासलंत!’ खडीसाखर घालून चहा दिला तेव्हा जरा उतरले. मग त्यांनी दोन तोडगे काढले. पहिला असा, की सरळ सांगून टाकायचं, थोरली वेडी झाली, पुरुषाचे कपडे घालून फिरते, आता दवाखान्यात ठेवलीय. ‘वेड्याचा दोष देवही धरत नाही,’ असं ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘देव धरत नाही, पण वरमाई धरेल. मरजानच्या पोरांची डोकी कशी निघतील ते आधी विचारेल.’

‘मग दुसरं,’ काका म्हणाले. ‘दूधभाऊ.’

कल्पना वाईट नव्हती, मी खोटं बोलणार नाही. एका छातीचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात, त्यांच्यात पडदा नाही, हे अशरफ-सादातलाही मान्य करावंच लागेल. म्हणजे असं सांगायचं की कुणा परक्या बाईचं मूल मी लहानपणी पाजलं होतं, तो मोठा होऊन भेटायला आला आणि मरजान त्याच्या गळ्यात पडली. लाज नाही, पाप नाही, सगळे सुटले.

मरजान दारामागे ऐकत होती. बाहेर आली ती वाघिणीसारखी. ‘काका, मी माझ्या भावाच्या गळ्यात पडले. दूधबीध काही नाही. भाऊ.’

‘तू गप्प बस. तुझ्यासाठीच चाललंय हे!’

‘माझ्यासाठी काही करायचं असेल तर त्याला घरी बोलवा.’

काकांनी हात उगारला. मी मध्ये गेले. मग त्यांनी तो हात स्वतःच्याच कपाळावर मारला आणि गेले. जाताना सांगून गेले की अशरफ-सादातला ते स्वतः जाऊन भेटतील, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा घेऊन येतील. बाईची एकच अट असेल, की मी माझ्या तोंडाने सांगावं.

मरजान त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताटात घेते, ढवळते, उठते. मला जेवताना कुणी ढवळत बसलं की सहन होत नाही, तुला माहीत आहे. नसरत तसंच करायचा.

आज कणीक मळताना मनात आलं, की काकांच्या गोष्टीत खोटं तरी किती आहे? पाजलं तर मीच होतं. वर्षभर पाजलं, तू चावायचंस. खोटं एवढंच, की दुसऱ्या बाईचं मूल.

मी काय करू ते मला सांगू नकोस. मला माहीत आहे तू काय सांगशील.

आई


यज्द, १५ आबान

लेकरा,

आज डबा नाही. तळायला हात चालले नाहीत. नुसतंच पत्र पाठवतेय. बसवाले आगा म्हणाले, खानम, आज गोड नाही? मी म्हटलं, आज नाही.

काल ती माणसं आली. अशरफ-सादात, तिची बहीण, आणि आपले हैदरकाका इस्त्रीचा कोट घालून. फरझादला आणलं नव्हतं. मरजानने चहा आणला आणि तिथेच उभी राहिली, तबक छातीशी धरून. मी डोळ्यांनी आत जा म्हटलं. गेली नाही.

अशरफ-सादात बाई सरळ आहे, मी नाकावरून बोलले ते मागे घेते. म्हणाली, ‘तूबा खानम, मी भांडायला आले नाही. मुलगी मला पहिल्याच दिवशी आवडली. फक्त तो कोण, एवढं सांगा.’

‘दूधभाऊ!’ हैदरकाका मध्येच. ‘मी सांगितलं ना तुम्हाला. वहिनीने पाजलंय त्याला.’

‘कुणाचा मुलगा?’

आता हे काकांनी ठरवलंच नव्हतं. इस्त्री केली, पण मुलाची आई कोण ते ठरवलं नाही. म्हणाले, ‘अहवाझच्या एका बाईचा. युद्धात घरदार गेलं, इकडे आली होती बिचारी.’

अशरफ-सादातची बहीण शाळेत शिकवते. तिने बशीत कप ठेवला. ‘युद्ध संपलं तेव्हा माझं लग्न झालं, आगा. आता माझे केस पांढरे झाले. तो मुलगा तर आत्ता मिसरूड फुटलेला सांगतात.’

काकांना घाम फुटला. मला हसू आलं. खरंच आलं, इतक्या भीतीत. तोंडावर चादोर घेऊन दाबलं.

अशरफ-सादातने काकांकडे बघणं सोडलं आणि माझ्याकडे वळली. ‘तुम्ही नमाजी बाई आहात. मला पुरावा नको. कुराणावर हात ठेवा आणि म्हणा की मी त्याला पाजलंय आणि तो या मुलीला परका नाही. मी इथेच कोत्ताब खाईन.’

कुराण कोनाड्यात होतं, तुझ्या बाबांनी विणलेल्या त्याच लाल तिरम्याच्या कापडात. मी काढलं. मांडीवर घेतलं. तू बघ हं, तिने मागितलेला एकूण एक शब्द खरा होता. पाजलंय, हो. परका नाही, हो. हात ठेवून तेवढंच म्हणायचं, पुढे गप्प बसायचं, आणि पोरीचं लग्न झालंच. मला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. अशी सोय देव रोज करत नाही.

मी हात ठेवला. म्हटलं, ‘मी त्याला पाजलंय.’

काकांनी सुटकेचा श्वास घेतला तो मला ऐकू आला. बाईने ताटलीकडे हात नेला. आणि मला तळघरातली ती थाप ऐकू आली, नसरतची. कलिंगड संपलं असेल, रेडिओ थांबला असेल. त्याला काय हवं होतं कोण जाणे. त्यानेही एकदाच वाजवलं, पुन्हा नाही वाजवलं. तूही एकदाच वाजवलंस.

मी म्हटलं, ‘पण दुसऱ्या कुणाचा म्हणून नाही पाजलं. माझाच आहे. माझ्या पोटचा.’

‘वहिनी!’ काका उठले.

‘बसा,’ मी म्हटलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी असं बोलले नव्हते. ते बसले.

अशरफ-सादात गोंधळली. ‘तुम्हाला तर दोन्ही मुलीच ना?’

‘पहिल्या खेपेला सुईण म्हणाली मुलगी. सुईण चुकली. मीही बरीच वर्षं सुईणीवर विश्वास ठेवला.’

‘आणि जर्मनीतली?’ बहिणीने विचारलं.

‘जर्मनीत आमचं कुणी नाही. तेहरानला आहे तो. मोबाइल दुरुस्त करतो. तुमच्या फोनला काही झालं तर द्या, हात चांगला आहे त्याचा.’

 मग अशरफ-सादातने खालच्या आवाजात विचारलं, म्हणजे अगदी मायेने, हीच तर पंचाईत, ‘डोक्याचा आजार आहे का हा, तूबा खानम? घराण्यात आहे?’

तेव्हा मात्र माझा तोल गेला. कुराण आधी कोनाड्यात ठेवलं, कारण पुढचं ओरडून बोलायचं होतं. म्हटलं, ‘डोक्याचा आजार घराण्यात आहे, हो! मला आहे. माझे गुडघे ठणठणीत आहेत, मी इस्फहानला डोक्याच्या डॉक्टरकडे जाते. गोळ्या वेलदोड्यांच्या डब्यात आहेत, मरजान, आण, दाखव यांना. त्या खाते म्हणून सकाळी उठून तुमच्यासाठी बदाम सोलू शकते. माझ्या भावालाही होता. त्याला गोळ्या नव्हत्या, तळघर होतं. पण माझ्या त्या पोराला आजार नाही. त्याला रोग लागलाय तो आपला, आपण दार लावतो तो.’

हे सगळं मी बोलले. 

अशरफ-सादात उठली. बहीण उठली. कुणी कोत्ताबला हात लावला नाही. दारापाशी चपला घालताना बाई वाकलेलीच राहिली जरा वेळ, मग म्हणाली, ‘चहा चांगला होता.’ आणि गेली.

काका म्हणाले की आजपासून हे घर त्यांना नाही. मी म्हटलं, कोट विसरू नका. घामाने काढून ठेवला होता.

मरजान तबक धरून तिथेच उभी होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, आई, माझं लग्न मोडलंस. तिने ताटलीतला कोत्ताब उचलला, अर्धा माझ्या तोंडात कोंबला, अर्धा स्वतः खाल्ला. दहा दिवसांनी पोर काहीतरी न ढवळता खात होती. मग दोघी रडलो. तुझ्यासाठी रडलो, असं समजू नकोस. कोत्ताब कोरडा होता.

आई


यज्द, २३ आबान

बर्दिया,

अशरफ-सादातचा निरोप आला. कुराणात कौल पाहिला, तो वाईट निघाला, सबब नाइलाज आहे. नेहमीचंच. माणसांना नाही म्हणायची लाज वाटली की देवाला पुढे करतात. मरजानने ऐकून घेतलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेली. गच्चीवर बराच वेळ होती. मी वर गेले नाही. हे तिचं नुकसान आहे आणि ते माझ्या तोंडाने झालंय, हे मी झाकणार नाही. तिला विचारलं तर म्हणते, दूधभावाच्या नावावर सासरी गेले असते तर माझ्या प्रत्येक बाळंतपणात तुला जर्मनीची नवी गोष्ट रचावी लागली असती. पोरीची जीभ माझ्यावर गेलीय, हे माझं दुर्दैव.

काल फरझाद एकटा आला. हातोडा वाजवला, मी चादोर घेतली, दार उघडलं. त्याचे कान लालभडक. म्हणाला, ‘आई नाही म्हणते. मी अजून नाही म्हटलेलं नाही.’ मी म्हटलं, ‘हे मला कशाला सांगतोस? जिला सांगायचं ती गच्चीवर आहे.’ तो गल्लीतून वर बघत उभा राहिला. मरजानने त्याच्या डोक्यावर टॉवेल झटकला. पुढचं त्यांचं ते बघतील. मी यात नाही.

मोहल्ल्याचं म्हणशील, तर कोंबडं झाकून ठेवलं होतं, आता आरवलंय. रोटीवाला रोटी देतो पण तोंडाकडे बघत नाही. परवा दारावर कुणीतरी कोळशाने काहीतरी लिहून ठेवलं होतं, मी वाचायच्या आत मरजानने पुसलं. एक बाई मला सहानुभूती दाखवायला आली, म्हणाली, ‘तूबा खानम, सोसतेस गं. दवा-दुआ दोन्ही कर, पोर बरी होईल.’ मी तिला दाराबाहेरूनच वाटेला लावलं. अक्दस खानमने आशचं सूप पाठवलं, वाडगा भरून. मी वाडगा कोत्ताब घालून परत केला. तिला तोंड गोड करू दे, तिचं तोंड फार चालतं.

आणि एक अजब गोष्ट सांगते. किराणावाल्याची बायको मागच्या दाराने आली. इकडे तिकडे बघून विचारते, तो इस्फहानचा डॉक्टर कसा आहे हो? तिच्या नवऱ्याला झोप येत नाही, भिंतीकडे तोंड करून बसतो. मी पत्ता लिहून दिला. आम्ही दोघी बरोबर जायचं ठरवलंय. गुडघे दुखतात असं दोघीही सांगणार नाही.

आता तुझं. बसचं तिकीट काढलं. मंडळाच्या आदल्या सकाळी तेहरानला उतरेन. मला घ्यायला ये, मला त्या शहरात रस्ता ओलांडता येत नाही. तू मरजानला विचारलं होतंस, आई तिथे काय सांगणार. ऐकून ठेव, म्हणजे तिथे मध्ये बोलणार नाहीस. सांगेन की हा पोरगा शाळेचा रुमाल रोज गल्लीच्या वळणावर दप्तरात कोंबायचा, आणि मला रोज तो चुरगळलेला सापडायचा. सांगेन की बाबांबरोबर न्हाव्याकडे गेला आणि मी ओरडेन म्हणून ते दोघे अंधार पडेपर्यंत बाहेर फिरत राहिले. सांगेन की मुलांबरोबर कबुतरं उडवायला गच्चीवर चढला, पडला, भुवई फुटली, आणि रक्त पुसताना मी म्हटलं, मुलींना हे शोभतं का. तेव्हा तू माझ्याकडे जसं बघितलंस तसं नंतर एकदाच बघितलंस, त्या गुरुवारी, दारात.

डॉक्टरांनी विचारलं, की बाई, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, तर त्यांना मी काय सांगायचं ते तिथे गेल्यावर बघेन. तुला आत्ता सांगणार नाही.

मंडळ काय म्हणेल ते म्हणो. झालं की माझ्याबरोबर घरी चल. हैदरकाका नसतील, पण तुझी खोली आहे, मरजानने तिच्यातली लोणच्याची बरणी हलवलीय. बेल दुरुस्त करायचं सामान आणू नकोस, ती राहू दे बंद. गल्लीत शिरल्यावर मी आणि माझी पिशवी पुढे जाऊ, तू मागून ये. घाई करू नकोस. मला आत जाऊन चादोर काढून खुंटीला लावायला तेवढा वेळ दे.

मग उजवा हातोडा वाजव. जोरात, अक्दसच्या गच्चीपर्यंत जाऊ दे. दार मी उघडीन, डोक्यावर काहीही न घेता.

तुझी आई,
तूबा